मे महिन्यातला कोरडा ड्रेन

मे महिन्यात दुपारी अडीचला वाजलेला फोन एकतर कूलरवाल्यासाठी असतो, नाहीतर कॉम्प्रेसरवाल्यासाठी. मी कॉम्प्रेसरवाला. पलीकडून पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातला ऑक्सिजन प्लान्टचा ऑपरेटर बोलत होता. आयटीआय झालेला, बाविशीचा पोरगा.

"सर, प्युरिटी शहाऐंशी दाखवून राहिली. काल नव्वद होती. मी मॅनिफोल्डवर घेतलं, पण जंबो अकराच आहेत जी."

मॅनिफोल्डवर, म्हणजे भरून ठेवलेल्या सिलिंडरांच्या राखीव रांगेवर घेतलं, आणि मग फोन केला. क्रम बरोबर होता. या प्रकरणात कुणा रुग्णाला काही झालं नाही त्याचं पहिलं कारण हे पोरगं. पण वेळ थोडाच होता. एका जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर वायू, म्हणजे ७,००० लिटर. वॉर्डांची त्या दिवसाची ओढ मिनिटाला २५० लिटरच्या आसपास होती. अकरा जंबो म्हणजे पाच तास, आणि नागपूरहून तिथं पोचायला तीन.

शेजारच्या तालुक्यातून सिलिंडर मागवायला सांगितलं आणि गाडीत बसता बसता नेहमीचा प्रश्न टाकला, "ड्रेनला पाणी किती येऊन राहिलं?"

"काहीच नाही सर. एकदम कोरडा. महिनाभरापासून थेंब नाही. हवा एकदम ड्राय आहे."

ड्रेन म्हणजे दाबलेल्या हवेतून वेगळं झालेलं पाणी बाहेर सोडणारी नळी. त्यानं ही चांगली बातमी म्हणून सांगितली आणि मीही ती तशीच घेतली. उमरेड ओलांडेपर्यंत माझ्या डोक्यात ऑक्सिजनचा टक्का मोजणारा अ‍ॅनालायझर होता, व्हॉल्व्ह होते, कॉम्प्रेसरचं तेल होतं. पाणी नव्हतं. इतकी वर्षं या धंद्यात काढून मी त्या कोरड्या ड्रेनला फसलो, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतोय.

शेडमध्ये काय काय होतं

प्लान्ट मिनिटाला ५०० लिटरचा, पीएसए जातीचा, म्हणजे दाब चढवून-उतरवून हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर असे प्लान्ट गावोगाव उभे राहिले. एप्रिल २०२१ मध्ये पीएम केअर्समधून एकदम ५५१ जाहीर झाले. डीआरडीओनं दिलेलं तंत्र तेजस विमानातल्या वैमानिकाला ऑक्सिजन पुरवणाऱ्या यंत्रणेतून आलेलं होतं. मिनिटाला १,००० लिटरचा प्लान्ट १९० रुग्णांना पुरतो आणि दिवसाला १९५ सिलिंडर भरतो, असा त्यांचा हिशेब होता. आयआयटी मुंबईनं तर नायट्रोजन बनवणाऱ्या पीएसए युनिटमधली कार्बनची चाळणी काढून तिथं झिओलाइट हे नायट्रोजन धरून ठेवणारं खनिज भरलं आणि त्याच सांगाड्यातून ९३ ते ९६ टक्के ऑक्सिजन काढून दाखवला. त्या महिन्यात विशाखापट्टणमहून आलेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसमधले काही टँकर नागपूरला उतरले होते. तेव्हा टँकर कधी येतो याकडे डोळे लावून बसलेल्या डॉक्टरांना आपल्याच अंगणात हवेतून ऑक्सिजन निघतो ही गोष्ट केवढी वाटली असेल, ते मी तोंडावर पाहिलं आहे.

आत घडतं ते असं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २०.९५ टक्के ऑक्सिजन, ०.९३ टक्के अरगॉन. स्क्रू कॉम्प्रेसर हवा साडेसात बारपर्यंत दाबतो. ती आफ्टरकूलरमध्ये थंड होते, पाणी वेगळं होऊन ड्रेनमधून बाहेर पडतं. उरलेली वाफ रेफ्रिजरेटेड ड्रायर काढतो, तेलाचे कण फिल्टर धरतात आणि हवा दोन टॉवरपैकी एकात खालून शिरते. टॉवरमध्ये साबुदाण्याएवढे झिओलाइटचे मणी. या मण्यांच्या आतल्या बारीक पोकळ्यांमध्ये विद्युतभार असतात आणि नायट्रोजनचा रेणू दाबाखाली त्यांना ऑक्सिजनपेक्षा जास्त घट्ट चिकटतो. ऑक्सिजन वरून निघून जातो. मणी नायट्रोजननं भरत आले की दाब सोडायचा, नायट्रोजन 'फुस्स' करून सायलेन्सरमधून बाहेर, तोवर दुसरा टॉवर कामाला. अरगॉन मात्र ऑक्सिजनचा सख्खा भाऊ असल्यासारखा त्याच्यासोबत वर जातो. २०.९५ ला २०.९५ अधिक ०.९३ नं भागा, ९५.७ टक्के येतात. पीएसएच्या मीटरवर ९९ दिसलं तर मीटर खोटं बोलतंय. औषधी दर्जाच्या या '९३ टक्के ऑक्सिजन'ला ९० ते ९६ एवढी मुभा असते ती म्हणूनच.

८६ म्हणजे लगेच रुग्ण दगावतो असं नाही. पण व्हेंटिलेटरचा सगळा हिशेब पुरवठ्यातल्या टक्क्यावर बसवलेला असतो. आणि जो प्लान्ट आज ८६ वर आला तो ८६ वर थांबत नाही.

पहिली संध्याकाळ, वाया गेलेली

सहाला पोचलो. पारा तेव्हाही ४३ वर होता. पॅनेलवर ८९. दुपारपेक्षा तीन टक्के जास्त, कुणी काहीही न करता. हे मला तिथंच खटकायला हवं होतं.

मी अ‍ॅनालायझरपासून सुरुवात केली. बाहेरची हवा दिली, २०.८ दाखवलं. जंबोचा ऑक्सिजन दिला, ९९ च्या वर गेला. मीटर खरं. मग टॉवरपाशी उभा राहून दहा मिनिटं नुसतं ऐकलं. पीएसए प्लान्टला नाडी असते. दाब चढतो, दोन्ही टॉवर क्षणभर समान होतात, मग फुस्स. व्हॉल्व्ह गळत असेल तर फुस्सची शेपटी लांबते. इथं ताल पक्का होता. फक्त सायलेन्सरच्या खाली फरशीवर मैद्यासारखी पांढरी पूड पडली होती, चिमूटभर. "हे कधीपासून?" "रोज झाडतो ना सर. धूळ आहे." धूळ नव्हती, झिओलाइट होता. मणी आत घासून झिजत होते.

लॉगबुक उघडलं. नोंदी इतक्या स्वच्छ की परीक्षेच्या वहीसारख्या. सकाळी ८, रात्री ८. प्युरिटी, दाब, ड्रायरचं तापमान, तेलाची पातळी. ड्रायर रोज ४ अंश, रोज हिरवा दिवा. मी हात लावून पाहिलं, ड्रायरच्या थंड बाजूच्या तांब्याच्या नळीवर दव साचलेलं. ड्रायर ठीक.

रात्री साडेनऊला प्युरिटी ९१. वैद्यकीय अधीक्षक मॅडम येऊन म्हणाल्या, "तुम्ही आलात की यंत्र शहाण्यासारखं वागतं. आमच्या पेशंटसारखंच." मी हसलो, पण झोप लागली नाही. यंत्राला माझा धाक नसतो. रात्री नक्की काय बदलतं?

दुसरी दुपार

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला शेडमध्ये स्टूल टाकून बसलो. बाहेर ४५, आत भिंतीवरच्या थर्मामीटरवर ५२. पत्र्याची शेड, वर सिलिंग नाही. पण पत्रा हे निम्मं कारण होतं. कॉम्प्रेसर ३७ किलोवॅटचा, आणि कॉम्प्रेसरला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे त्या बारा बाय पंधराच्या खोलीत एक किलोवॅटचे ३५-३६ हीटर चालू होते. ही गरम हवा बाहेर नेणारा पत्र्याचा डक्ट असतो. तो कुठं गेला? "मागच्या पावसाळ्यात त्याच्यातून पाणी आत येऊन राहिलं होतं, म्हणून काढला." भिंतीतलं भोक पोत्यानं बुजवलेलं. कॉम्प्रेसर स्वतःचाच गरम श्वास परत ओढत होता.

आफ्टरकूलरचं जाळीदार कव्हर काढलं तर फिन, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, दिसेचनात. पलीकडच्या रस्त्याला राईस मिल. उन्हाळी धान निघालं की मिल रात्रंदिवस चालते, कोंडा हवेत असतो, तो तेलकट फिनवर बसतो आणि त्याची नमदा घातल्यासारखी गादी होते. बोटानं ओढली तर सोलून निघाली. आफ्टरकूलरमधून निघणाऱ्या दाबलेल्या हवेचा पाईप तापमानाच्या बंदुकीनं मोजला. ६१ अंश.

एक चाळीसला ड्रायरचा आवाज बदलला. म्हणजे पंखा फिरत होता, पॅनेलवर हिरवा दिवा होता, पण खालची बारीक घरघर थांबली. तांब्याच्या नळीला हात लावला. कोमट. मग दहा मिनिटांत गरम. ड्रायरच्या छोट्या कॉम्प्रेसरच्या डोक्यावर थर्मल ओव्हरलोड असतो. फार तापला की तो स्वतःच वीज तोडतो आणि थंड झाला की स्वतःच जोडतो. या ड्रायरमध्ये त्याचा ना अलार्म होता, ना नोंद. दिवा फक्त 'पुरवठा चालू आहे' एवढंच सांगत होता. रोज दुपारी एकदीडपासून पाच-साडेपाचपर्यंत ड्रायर मेलेला असायचा. सकाळी आठला जिवंत, रात्री आठला जिवंत. लॉगबुकात सगळं खरं लिहिलेलं होतं, फक्त दुपार लिहिलेली नव्हती.

ऑपरेटर म्हणाला, "पण सर, पाणी तर नाही ना. ड्रेन कोरडा आहे. मग ड्रायर बंद असला तर काय फरक पडते?"

हा त्या दोन दिवसांतला सगळ्यात चांगला प्रश्न होता. मी सिलिंडरच्या चलनाच्या मागच्या बाजूला त्याला हिशेब मांडून दाखवला.

चलनामागचा हिशेब

प्लान्ट तासाला साधारण ३४० घनमीटर हवा ओढतो. विदर्भातली मे महिन्याची हवा, ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता. आपल्याला ती भट्टीसारखी कोरडी वाटते. पण ४५ अंशांची हवा घनमीटरला ६५ ग्रॅमपर्यंत पाणी धरू शकते. त्याचे १५ टक्के म्हणजे ९.८, जवळपास १० ग्रॅम. ३४० गुणिले ९.८, म्हणजे तासाला साधारण ३.३ लिटर पाणी वाफेच्या रूपानं कॉम्प्रेसरमध्ये शिरतंय. कोरड्या मे महिन्यात.

आता ही हवा, वातावरणाचा मुळातला एक बार धरून, साडेआठपट दाबली गेली, ३४० चे ४० घनमीटर झाले. ६१ अंशांना एक घनमीटर सुमारे १३७ ग्रॅम पाणी वाफ म्हणून धरतो. ४० घनमीटरची धारणा साडेपाच लिटर. आपल्याकडे आहे ३.३. मग एक थेंब तरी कशाला गळेल? सगळं पाणी वाफ होऊन, दिसेनासं होऊन, पुढं ड्रायरकडे. ड्रायर बंद. पुढं फिल्टर, फिल्टर थेंब धरतो, वाफ नाही. पुढं झिओलाइट.

हिशेब उलटा करून पाहिला तर ५० अंश हा काटा निघतो. आफ्टरकूलरमधून हवा ५० च्या वर बाहेर पडत असेल तर त्या दिवशी ड्रेन कोरडा. ड्रेन कोरडा म्हणजे हवा कोरडी असं नाही. हवा इतकी गरम की पाणी सोडायला तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गंमत म्हणजे पावसाळ्यात उलट असतं. ऑगस्टमध्ये ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, तेव्हा तासाला पावणेनऊ लिटर पाणी आत शिरतं. पण आफ्टरकूलर ४० अंशांना हवा सोडतो, पावणेसात लिटर तिथंच ड्रेनमधून धो धो वाहतं आणि ड्रायरच्या वाट्याला दोन लिटर येतात. सगळे घाबरतात ऑगस्टला. ड्रायरवर खरा ताण मे महिन्यात. ड्रायरच्या कॅटलॉगातली क्षमता साधारण ३५ ते ३८ अंशांच्या हवेला मोजलेली असते. ५० अंशांची हवा दिली की ती जवळपास निम्म्यावर येते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा पाहून तो कॅटलॉग कुणी लिहिलेला नसतो, आणि खरेदीच्या कागदावर 'जागेचं कमाल तापमान' हा रकाना भरायचा राहून जातो. माझं या प्रकरणातलं मुख्य दुखणं तेच आहे.

पाण्यानं झिओलाइटचं काय होतं? नायट्रोजन दाब सोडला की निघतो. पाण्याचा रेणू ध्रुवीय, तो असा चिकटतो की दाब सोडून निघत नाही, मणी अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापवावे लागतात. पीएसएमध्ये तापवायची सोयच नाही. टॉवरच्या तळाशी पाणी शोषणाऱ्या अ‍ॅल्युमिनाचा एक थर पहारेकरी म्हणून घातलेला असतो, पण तो थोड्या ओलीसाठी. रोज चार तास ओली हवा आली की पहारेकरी भिजतो आणि वरचा झिओलाइट खालून वर मरत जातो. रात्री प्लान्ट बंद पडला, वीज गेली, की तीच ओल बसल्या जागी आणखी वर पसरते.

एक जुनी गोष्ट इथं आठवते. चार्ल्स स्कारस्ट्रॉमच्या ज्या चक्रावर हे सगळे प्लान्ट चालतात, त्याचं पेटंट १९६० चं. त्या चक्राचा धंद्यात पहिला मोठा उपयोग ऑक्सिजनसाठी झाला नाही, झाला तो हवा वाळवण्यासाठी. दाब चढवून-उतरवून, न तापवता हवा सुकवायची. ज्या युक्तीचं बाळपण हवा सुकवण्यात गेलं, तिचाच आज ओल्या हवेनं गळा धरला होता.

हे फक्त छोट्या प्लान्टचं नाही. कार्ल फॉन लिंडेनं १९०२ मध्ये द्रव हवेचं ऊर्ध्वपातन करून ऑक्सिजन काढला, तेव्हापासून मोठ्या क्रायोजेनिक प्लान्टांची अर्धी अक्कल हवा आत शिरण्याआधी साफ करण्यात खर्च होते. ऑक्सिजन उणे १८३ ला उकळतो, नायट्रोजन उणे १९६ ला. त्या थंडीत पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही गोठून नळ्या बुजवतात, म्हणून दारातच चाळणीनं अडवायचे. आणि जे अडलं नाही ते नुसतं बुजवून थांबत नाही. २५ डिसेंबर १९९७ ला मलेशियात बिंतुलूच्या प्लान्टमध्ये हवा विभागणीचं युनिट स्फोटात उद्ध्वस्त झालं. त्या वर्षी त्या भागात जंगलांच्या वणव्यांचा धूर पसरला होता, त्यातले ज्वलनशील सूक्ष्म कण शुद्धीकरणातून निसटून द्रव ऑक्सिजनपाशी साचत गेले. मोहफुलांच्या दिवसांत आमच्याकडची जंगलं जळताना पाहिली की मला बिंतुलू आठवतं.

सिस्टरची वाटी

झिओलाइट किती मेला हे ठरवायचं होतं. नमुना प्रयोगशाळेत पाठवून पंधरा दिवस थांबणं परवडणारं नव्हतं. जंबो भरून आले होते, म्हणून संध्याकाळी प्लान्ट बंद करून, दाब पूर्ण सोडून, ए टॉवरच्या वरच्या झाकणातून मूठभर मणी काढले, आणि खालच्या हँडहोलमधून, अ‍ॅल्युमिनाला लागून असलेले मूठभर. सिस्टरकडून दोन स्टीलच्या वाट्या आणि पाण्याची बाटली मागितली.

कोरडा झिओलाइट पाणी पितो तेव्हा तापतो. वरचे मणी पहिल्या वाटीत टाकले, तेवढंच पाणी ओतलं. बारीक सर्रर आवाज आला, बुडबुडे निघाले. पाणी ३४ अंशांचं ५८ झालं. सिस्टरनं वाटीला बोट लावून पटकन काढलं, "अगं बाई, चुन्यासारखं उकळलं की!" खालचे मणी दुसऱ्या वाटीत. काही नाही. ३४ चे ३६. रंगही जरा पिवळट, वासाला कॉम्प्रेसरच्या तेलाचा अंश. ते मणी आधीच पिऊन बसले होते. मधल्या उंचीचा नमुना घेता आला नाही, पण बी टॉवरचीही तीच कथा निघाली. वरचा भाग जिवंत, तळ मेलेला.

वर जिवंत आहे हे कळल्यावर त्या रात्रीचा निर्णय सोपा झाला. प्लान्ट टाकी भरताना पूर्ण ५०० लिटरनं ओढत होता, वॉर्डाची गरज असो वा नसो. मी प्रॉडक्ट व्हॉल्व्ह आवळून ओढ ३०० वर आणली. हवा टॉवरमध्ये जास्त वेळ रेंगाळली, उरलेल्या चांगल्या मण्यांना काम करायला सवड मिळाली. तासाभरात ९३. मॅडमना सांगितलं, "वॉर्डाला पुरेल, सिलिंडर भरायचे नाहीत, आणि दुपारी एक ते सहा मॅनिफोल्डवर." त्यांनी ते तिथंच कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं.

पॅनेलच्या बझरवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली सापडली. सतत वाजतो म्हणून. ती काढली. कुणी लावली हे विचारलं नाही.

कूलर

दुरुस्तीतली सोपी कामं सांगून टाकतो. फिन उलट्या बाजूनं हवा मारून आणि साबणाच्या पाण्यानं धुतले, अर्धं पोतं कोंडा निघाला. डक्ट गावातल्याच कूलर बनवणाऱ्या मिस्त्रीनं पत्रा वाकवून एका दिवसात करून दिला, तोंड खाली वळवून, म्हणजे पाऊस आत येणार नाही. शेड ५२ वरून ४६ वर आली. आफ्टरकूलरची हवा ६१ वरून ५४. ड्रायर आता दुपारी थांबत नव्हता, पण दम लागलेल्या माणसासारखा चालत होता. चलनामागच्या हिशेबाप्रमाणे ५४ म्हणजे ड्रेन अजून कोरडाच.

तेव्हा ऑपरेटर म्हणाला, "सर, ओपीडीतला जुना कूलर आहे. शेडमध्ये लावू का? कॉम्प्रेसरले थंड हवा भेटन."

विदर्भात उन्हाळ्यावरचं पहिलं उत्तर कूलर, दुसरं उत्तर मोठा कूलर. मी जवळजवळ ओरडलोच. कूलरची हवा थंड, पण ओली. ४५ ची हवा २९ पर्यंत येते, आणि घनमीटरला १० ग्रॅमचं पाणी १७-१८ ग्रॅम होतं. ती कॉम्प्रेसरच्या तोंडाशी सोडली तर तासाला सव्वातीन लिटरऐवजी सहा लिटर पाणी आपण आपल्या हातानं आत ढकलणार.

त्याचं तोंड उतरलं. मी बाहेर जाऊन निंबाखाली बसलो. आणि तिथं, चहा पिताना, लक्षात आलं की पोरगं चूक नव्हतं. जागा चूक होती. थंड हवा कॉम्प्रेसरनं श्वासात घ्यायची कशाला? पाईपच्या अंगावरून वाहू दे. दाबलेली हवा पाईपच्या आत, कूलरची ओली हवा बाहेर, मध्ये धातू. ओल आत शिरायचा प्रश्नच नाही, गारवा मात्र जातो.

हिंगण्याच्या एमआयडीसीतून फिन-ट्यूबचा एक जास्तीचा आफ्टरकूलर आणला, सोबत पाणी वेगळं करणारा सेपरेटर आणि टायमरचा ड्रेन. शेडच्या उत्तरेच्या भिंतीबाहेर, सावलीत, लोखंडी घोड्यावर बसवला. त्याच्यासमोर ओपीडीतला कूलर, नवीन वाळ्याच्या ताट्या लावून. कॉम्प्रेसरची हवा ओढायची जाळी दक्षिणेला, म्हणजे कूलरची ओली झुळूक तिकडे पोचत नाही. खर्च रुग्ण कल्याण समितीतून झाला. बोअरचं पाणी जड, ताट्यांवर क्षार धरतात, म्हणून टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करायची, एवढीच नवी जबाबदारी. पावसाळा लागला की कूलर बंद. तेव्हा त्याचा काही उपयोग नाही आणि गरजही नाही. कंपनीच्या कुठल्याही चित्रात ही मांडणी सापडणार नाही. थंड पाण्याचा चिलर जास्त सुबक झाला असता, पण तो बिघडला की नागपूरहून माणूस बोलवावा लागतो. कूलर बिघडला तर अख्ख्या गावाला दुरुस्त करता येतो.

झिओलाइट बदलला तो मृगाच्या चार दिवस आधी, मुद्दाम. सीलबंद ड्रम भर दुपारी उघडले, कारण त्या हवेत आर्द्रता सगळ्यात कमी. निम्मे मणी चांगले असताना सगळे का बदलले असं ऑडिटवाल्यांनी नंतर विचारलं. टॉवर रिकामा करताना चांगले मणी तास-दोन तास उघडे राहिले की तेही हवेतलं पाणी पितात, आणि पुन्हा भरताना फुटतात. मग तुकडे-पूड खाली, पोकळी वर, आणि सायलेन्सरखाली पुन्हा मैदा. तळाला नवा अ‍ॅल्युमिना, वर नवा झिओलाइट, लाकडी हातोड्यानं टॉवरला बाहेरून ठोकत ठोकत, गहू कणगीत दाबून भरतात तसा. पूर्ण ५०० लिटरच्या ओढीला प्युरिटी ९४ आली. ड्रायरच्या थंड नळीवर एक सेन्सर बांधला, १० अंशांच्या वर गेला की बझर. टेपचा रोल मी सोबत घेऊन आलो.

पण मला आठवतो तो दिवस झिओलाइटच्या आधीचा आहे. जास्तीचा आफ्टरकूलर जोडला तेव्हा नवतपा चालू होता. बाहेर ४६. दुपारी दोनला कूलर सुरू केला, वाळ्याचा वास शेडभर पसरला. ऑपरेटर नव्या ड्रेनपाशी उकिडवा बसला होता, हातात सलाईनची रिकामी बाटली. पाईपवर बंदूक धरली. ५४. मग ५०. ४६. ४१.

ड्रेनच्या तोंडाशी आधी नुसती चकाकी आली. मग एक दुधाळ, तेलाच्या तवंगाचा थेंब लोंबला, पडला. मग दुसरा.

"सर! मे महिन्यात पाणी!"

अर्धा लिटरची बाटली पंचवीस मिनिटांत भरली. त्यानं लॉगबुकात सकाळी ८ आणि रात्री ८ च्या मध्ये पट्टीनं एक नवा रकाना आखला, 'दु. ३', आणि त्याच्या खाली लिहिलं: ड्रेन पाणी, १ बाटली, चालू आहे.